अल्हाम्ब्रा काय पळून जातेय?

३ मे, दुपारी
कासिल्दा येते आहे! आत्ताच बुर्गोसहून फोन आला होता. २५ तारखेला, शनिवारी सकाळी अकराच्या बसने ग्रानादात उतरणार, रविवारी दुपारी चारच्या बसने पुढे आल्मेरियाला बहिणीकडे जाणार. म्हणजे एकूण एकोणतीस तास. नीट वापरले तर भरपूर आहेत.

बुर्गोसचं घर तिने विकायला काढलं आहे. तिथल्या थंडीला कंटाळली. बहीण आल्मेरियाला ये म्हणून मागे लागली आहे. पण कासिल्दा म्हणाली, आधी तुमचं ग्रानादा बघते, मग ठरवते कुठे राहायचं ते. 'तुमचं'वर जोर होता. ऐकू आलं नाही असं सांगून मी तिला वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. जोर होताच.

फेब्रुवारीत पेन्शनरांच्या सहलीत बेनिदोर्मला आमची ओळख झाली. नऊ संध्याकाळी मी तिला आमच्या टेकडीवरची अल्हाम्ब्रा सांगितली, सुलतानांच्या त्या राजवाड्याचं दालन न् दालन. वरच्या घंटेच्या बुरुजावरून माझी बाल्कनी दिसते, हेसुद्धा सांगितलं. ती हनुवटीला हात लावून ऐकायची. नवरा गेल्यापासून माझ्याशी इतकं कुणी बोललं नव्हतं, म्हणाली.

फोनवर विचारत होती, तिकिटांचं काय? मी हसलो. म्हटलं, कासिल्दाबाई, मी त्या टेकडीच्या पायथ्याशी जन्मलो. शंभर वेळा पाहिली आहे. मला कसलं तिकीट? घरच्यासारखा आत-बाहेर करतो.

(फक्त माझ्या माहितीसाठी: तसा मी अजून आत गेलेलो नाही. शाळेची सहल गेली तेव्हा मी आठ वर्षांचा होतो आणि गालगुंड झालं होतं. मग राहूनच गेलं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून रोज दिसते. अल्हाम्ब्रा काय पळून जातेय?)

४ मे
कॅलेंडरच्या मागे टाइमटेबल लिहिलं. शनिवार: ११.०० आगमन. ११.२० कॉफी. १२.०० कॅथेड्रल. ५.०० अल्हाम्ब्रा. ७.३० सिंहांच्या अंगणात, बारा दगडी सिंहांच्या कारंज्यापाशी, 'तुम्ही'वरून 'तू'वर येणे. ९.१५ सान निकोलासच्या कट्ट्यावर, सूर्य बुडताना, इथेच राहा असं विचारणे. ९.२० होकार.

संकल्प: रोज अल्हाम्ब्राच्या पुस्तकाची वीस पानं वाचायची. रोज टेकडी चढायची, म्हणजे तिच्यासमोर धाप लागणार नाही. तिकिटं उद्या.

६ मे
लायब्ररीतून पुस्तक आणलं. चारशे बारा पानं. तीन वाचली. सिंहांच्या अंगणात एकशे चोवीस खांब आहेत. एका दिवसाला एवढं पुरे.

टेकडी चढायला निघालो होतो. पहिल्याच वळणावर फुल्हेन्सिओ भेटला. बिअर घेतली. बिअरबरोबर फुकट खाण्याची बशी आली, खाल्ली. बशी संपली म्हणून बिअर, बिअर आली म्हणून बशी. फुल्हेन्सिओ म्हणाला, बाई बुर्गोसची? तिकडच्या बायका फार सरळ बोलतात, जपून राहा. मी म्हटलं, मला सरळच आवडतात. तिकिटं उद्या.

११ मे
जिन्यात समोरच्या दाराची अँगुस्तियास भेटली. वय ७४, तोंड त्याहून जुनं, माझ्या घराची जादा चावी तिच्याकडे. म्हणाली, काय रे सेसिलिओ, सदरे धुतोयस, पडदे धुतोयस, कोण मेलं? मी सांगितलं. ती म्हणाली, तिकिटं काढलीस का? मी म्हटलं, बाई, आपण इथले. ती म्हणाली, इथला आहेस म्हणूनच विचारतेय. माझी भाची तीन महिने आधी काढते.

भाची माद्रिदला असते. माद्रिदची माणसं घाबरट.

१६ मे
चाव्यांच्या माझ्या जुन्या दुकानात गेलो. आता पुतण्या हिनेस चालवतो. त्याला म्हटलं, बाबा, कॉम्प्युटरवर पंचवीसची दोन तिकिटं काढ. त्याने बघितलं. म्हणाला, काका, पंचवीस जूनची? मी म्हटलं, मेची. तो हसला. मग माझं तोंड बघून थांबला. एकोणीस जूनपर्यंत सगळं बुक आहे. ग्रानादात राहणाऱ्यांची रविवारची सवलतसुद्धा संपली.

चाळीस वर्षं या गावातलं प्रत्येक कुलूप मी उघडून दिलं. चावी विसरलेला नोटरी, कोंडून घेतलेली सासू. एक फाटक काय अडवणार आहे मला?

१८ मे
ओळख सापडली! फुल्हेन्सिओचा मेव्हणा अल्हाम्ब्राच्या बागेत माळी आहे. फुल्हेन्सिओ म्हणाला, सोड माझ्यावर.

१९ मे
मेव्हणा तेरा वर्षांपूर्वी रिटायर झाला. पण माणूस मनाचा मोठा. त्याने तिथल्या झुडपाचं रोप पाठवलं आहे, कुंडीसकट. फुल्हेन्सिओ म्हणाला, हे घे, अल्हाम्ब्राचाच भाग समज.

बाल्कनीत ठेवलं.

२१ मे
रद्द झालेली तिकिटं वेबसाइटवर मधूनच उगवतात म्हणे. सकाळी नऊपासून हिनेसच्या खुर्चीत बसलो. गिऱ्हाइकं माझ्या डोक्यावरून चाव्या देत-घेत होती. १२.४० ला दोन तिकिटं दिसली! शनिवार, पाच वाजता! नाव टाकलं. आडनाव टाकलं. ओळखपत्राचा नंबर मागितला. ओळखपत्र काढलं तर चष्मा नाही. हिनेस, वाच! म्हणून ओरडलो. तो एका बाईला गॅरेजची चावी समजावत होता. त्याने वाचेपर्यंत तिकिटं गेली.

घरी येऊन पाण्यात पाय सोडून बसलो. कुणाशी बोलावंसं वाटत नाही. ती आल्मेरियाला जाईल. तिकडे समुद्र आहे आणि समुद्राला तिकीट नाही.

२३ मे
डोकं शांत ठेवलं की मार्ग निघतो. पाचव्या कार्लोस राजाचा महाल टेकडीवरच आहे, तिथे कुणीही जाऊ शकतं. मधे गोल अंगण, भोवती खांब. तोच दाखवायचा. बुर्गोसच्या बाईला काय कळतंय?

खांब एकशे चोवीस भरणार नाहीत. तिला बोलण्यात गुंतवून ठेवायचं.

२५ मे, सकाळी ६.००
निळा सदरा इस्त्री केला. जिन्यात अँगुस्तियासने सफरचंद दिलं, वरून कात्री खुपसलेली. मे महिन्याच्या सणात फुलांच्या क्रुसापाशी ठेवतात तसं, म्हणजे येणाऱ्याने खोट काढू नये. म्हणाली, ठेव दारात, तुला गरज आहे. मी रागावलो. ठेवलं.

दुपारी २.००
बस पन्नास मिनिटं उशिरा. कासिल्दा बेनिदोर्मला होती त्यापेक्षा सुंदर दिसते, पायात चालायचे बूट. कॉफी रद्द. कॅथेड्रल आम्ही पोचलो तेव्हा बंद झालं होतं. घरी आणलं. दारातलं सफरचंद बघून तिने विचारलं, हे काय? मी समजावलं. तिने कात्री काढली, सफरचंदाच्या चार फोडी केल्या आणि दोन मला दिल्या. म्हणाली, गोड आहे.

संध्याकाळी ७.००
टेकडी चढलो. मला चार वेळा थांबावं लागलं. चारही वेळा झाडं दाखवली. गोल अंगणात तिला उभं केलं आणि हात पसरून म्हटलं, ही आमची अल्हाम्ब्रा. ती एक चक्कर मारून आली. म्हणाली, भव्य आहे. पण सेसिलिओ, सिंह कुठेत?

मी म्हटलं, दुरुस्तीला नेलेत.

ती म्हणाली, बाराही?

मी म्हटलं, त्यांना एकेकटं नेता येत नाही.

 तिने पर्समधून घडी केलेला कागद काढला. तिकीट. उद्या सकाळी साडेदहा. तिच्या नावाचं, एकच. तुम्हाला फोन केला त्याच संध्याकाळी काढलं, म्हणाली. तेव्हा हवी तेवढी होती. दोन काढणार होते, पण तुम्ही म्हणालात, तुम्हाला तिकीट लागत नाही.

सदऱ्यावर ऑलिव्ह तेल सांडलं. कुठे, कधी, माहीत नाही. सान निकोलासला गेलो नाही. ती दमली होती.

२६ मे, सकाळी ११.१५ (फाटकाबाहेर, बाकावर)
पहाटे सदरा धुऊन बाल्कनीत टाकला, दुसरा घालून आलो. फाटकाशी कासिल्दाने तिकीट दाखवलं आणि मला म्हणाली, चला. मी तिच्या मागोमाग सहज निघालो, घरचा माणूस निघतो तसा. फाटकावरची मुलगी म्हणाली, आजोबा, तिकीट? मागे चाळीस जपानी माणसं उभी होती.

मी वळून कासिल्दाला म्हटलं, पहिली भेट एकट्याने घ्यावी. माझी सोबत लुडबुड होईल.

हा माझा मोठेपणा तिला निश्चित भावला असणार. आत जाताना तिने दोनदा मागे वळून पाहिलं.

दुपारी १.५०
अजून आली नाही. उन्हामुळे बाक तापला आहे. आतून येणाऱ्यांचे चेहरे बघतोय. सगळे हळू चालतात आणि कुणी बोलत नाही. असं काय आहे आत?

संध्याकाळी ६.००
ती गेली. सगळं लिहून ठेवतो.

अडीचला बाहेर आली. डोळे लाल होते. शेजारी बसली आणि म्हणाली, सिंह परत आलेत. बाराही.

मी बुटांकडे बघत होतो. मग ती म्हणाली, बुरुजावर चढले. तुमची बाल्कनी शोधली. मला वाटलं ही तरी थापच असणार. पण दिसली. हिरवा पडदा, कुंडीतलं रोप, दोरीवर निळा सदरा, एक बाही खाली लोंबतेय. एक म्हातारी आली, तिने ती बाही सरळ केली आणि गेली. मी तिथे उभी राहून हसले आणि मग मला रडूच आलं. इतक्या सुंदर ठिकाणावरून तुम्ही रोज दिसता, सेसिलिओ.

खरंच दिसते! मला काय माहीत? मी ते बेनिदोर्मला असंच ठोकून दिलं होतं. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, लिहायला लाज कसली.

ती म्हणाली, तुम्ही कधी आत गेलाच नाहीत ना? मी म्हटलं, गालगुंड झालं होतं. कधी? म्हटलं, आठ वर्षांचा असताना. ती इतकी हसली की शेजारचे लोक बघायला लागले. मग बस स्टँडपर्यंत ती मला अल्हाम्ब्रा सांगत होती, दालन न् दालन. मी हनुवटीला हात लावून ऐकलं.

बसच्या पायरीवर ती असताना विचारून टाकलं. कट्टा नाही, सूर्यास्त नाही, डिझेलचा धूर. म्हटलं, इथेच राहायला या. मी तुमच्यासाठी... पुढचं इंजिनाने खाल्लं. तिने माझ्या गालावर हात ठेवला. म्हणाली, अरे सेसिलिओ, तू फार चांगला आहेस. आत्ता बहिणीकडे घर बघते. येईन की कधीतरी. घाई काय? ग्रानादा काय पळून जातंय?

'तू' म्हणाली! बसस्टँडवर, टाइमटेबलच्या साडेवीस तास उशिरा, पण म्हणाली! आणि येईन म्हणाली. म्हणजे होकारच.

२७ मे
सकाळी अँगुस्तियास जिन्यात वाटच बघत होती. काय म्हणाली रे? मी म्हटलं, येणार आहे. कधी? मी म्हटलं, घाई काय, ग्रानादा काय पळून...

  अँगुस्तियासने पहिल्यांदाच मला आत बोलावून कॉफी दिली.

स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून हिशोब केला. टेकडी जाग्यावरच आहे. मी आठ वर्षांचा होतो, आता सहासष्ट. 'पळून जातेय का' म्हणत अठ्ठावन्न वर्षं गेली आणि फाटकातून आत पाऊल पडलं नाही. कासिल्दालाही तेवढाच वेळ लागला तर ती येईल तेव्हा मी एकशे चोवीस वर्षांचा असेन.

सिंहांच्या अंगणात खांबही तेवढेच आहेत. त्या पुस्तकातलं तेवढंच लक्षात राहिलंय.