झाकणातली अर्धी चिठ्ठी

मास्तर, इथल्या समाजमंदिरातल्या खुर्चीला तीनच पाय आहेत. चौथ्याच्या जागी सकाळपासून माझा डावा पाय आहे. जनहितार्थ देह झिजवणं म्हणतात ते हेच असावं. पण झिजून उपयोग काय, भोंगा वाजत नाही.

मोहर्लीच्या अलीकडच्या या गावातल्या बाया उद्या पहाटे मोहफुलं वेचायला जंगलात शिरणार. कॅमेऱ्यात वाघ दिसला की भोंगा ओरडेल, असं यंत्र मी कबूल करून बसलोय. आत पत्त्यांच्या डबीएवढा संगणक, वर कॅमेऱ्याची सर्किटची पाटी, त्यावर भोंग्याची. पण पाटी जोडली म्हणून संगणकाला ती कळत नाही. त्याला जागं करणारा पहिला प्रोग्राम, बूटलोडर, आधी मूळ सामानाची यादी उघडतो, मग प्रत्येक पाटीची पुरवणी, म्हणजे ओव्हरले, तिच्यात चिकटवतो. कॅमेऱ्याची चिकटते. भोंग्याची चिकटवायला गेलं की मूळ यादीसकट सगळं नासतं आणि यंत्र मरतं. आज अकरा वेळा मेलं. दारातली बाई विचारते, "भाऊ, वाजन ना जी?"

"वाजेल."

"कालबी हेच म्हनलं होतं तुमी."

मागच्या साली तिच्या जावेला वाघानं मोहाखालूनच नेलं. मी तिच्याकडे बघत नाही. आता कोणाला विचारू? तुम्हीही राहिला नाहीत.

तुमचं पोंभुर्ण्याचं रेडिओचं दुकान, मी तिथला शिकाऊ पोरगा. सेट दुरुस्त झाला की आत काय काय घातलं ते कागदावर लिहून तुम्ही झाकणाला आतून चिकटवता, अर्धा कागद कोरा ठेवून. कंजूष माणसाचा हा एकच उधळेपणा. एकदा मी तो कोरा अर्धा कापून घेतो. तुम्ही झाकण उघडता. "काऊन रे, उद्या कोनी याच्यात काई जोडन, तं ते कुठी लिवन? तुह्या कपाळावर?" मी म्हणतो, "उंदरानं खाल्ला, मास्तर." तुम्ही पिंजरा आणता, आठवडाभर रोज त्यात भज्याचा तुकडा लावता.

इथे तासभर लिहिणं थांबवलं होतं. यादीत कोरी जागाच नव्हती, मास्तर! उरलीसुरली कॅमेऱ्यानं व्यापली होती. पुरवणी चिकटवण्याआधी यादी लांबवायची, ती एक ओळ मी लिहिलीच नव्हती. आता लिहिली. भोंगा असा बोंबलला की आंब्यावरची वानरं पळाली. "हे आयकून तं आमीच पळू," बाई म्हणाली आणि दारातच मटकन खाली बसली.

झाकणात चिठ्ठी लावायची आहे आणि जवळ कागद हा एकच. या पत्राचाच खालचा अर्धा कापून घेतो. वर दोन पाट्यांची नावं, खाली कोरं. उंदीर नव्हता, मास्तर. तुमच्या त्या कोऱ्या अर्ध्यावर मी एकीला पत्र लिहिलं होतं. तेही दिलं नाही.