मोडीतली मोत्यांची सर

येत्या सोमवारी सकाळी माझ्या हृदयाची एक झडप बदलणार आहेत. माझ्या वयाला ही शस्त्रक्रिया बहुधा नीट पार पडते, असे डॉक्टर म्हणाले. 'बहुधा' हा शब्द त्यांनी दोनदा वापरला. शिवाय गेल्या महिन्यात मी आठ दिवस दवाखान्यात असताना माझ्या पुतण्याने कपाटातला दागिन्यांचा पत्र्याचा डबा सराफाकडे नेला आणि त्याची किंमत करून आणली. या दोन कारणांमुळे हे मृत्युपत्र लिहिणे भाग पडले.

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, रसायनशास्त्राची पदवीधर, महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेची तेहतीस वर्षे व्यवस्था पाहून निवृत्त झालेली, हे स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव टाकू शकतील असे एकटे माझे यजमान होते, आणि त्यांनीही तो प्रयोग एकदाच केला. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. दुसऱ्या मजल्यावरच्या या दोन खोल्या माझ्या नावावर आहेत. त्या माझ्या मुलीला द्याव्यात. ती दीड दिवसाच्या प्रवासावर राहते, तिला त्यांची गरज नाही, हे मला माहीत आहे. तिने त्या विकाव्यात, भाड्याने द्याव्यात किंवा कुलूप लावून ठेवाव्यात. स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर तिची उंची लिहिलेल्या पेन्सिलीच्या खुणा आहेत. रंगकाम करणाऱ्याने तेवढी चौकट सोडावी. मागच्या दोन्ही वेळी मी त्याच्यापाशी उभी राहून सोडायला लावली होती.

कलम २. बँकेतल्या ठेवीतून आधी दवाखान्याचा खर्च भागवावा. उरेल त्यातले अर्धे मुलीला आणि अर्धे पुतण्याला. पुतण्याचा मला राग आहे, तरीही दवाखान्यात नेताना त्याने मला खुर्चीत बसवून दोन मजले उतरवले, हेही खरे आहे. वाटेत तो एकदाही थांबला नाही आणि एकदाही गप्प बसला नाही.

कलम ३. माझे यजमान घड्याळे दुरुस्त करत. त्यांचे चिमटे, बारीक पक्कड, डोळ्याला लावायचे भिंग आणि लाकडी पेटी मुलीला द्यावी. ते गेल्यावर ही हत्यारे मी दागिन्यांसाठी वापरली. चिमट्यांची टोके मी बिघडवलेली नाहीत.

कलम ४. पुतण्याला याशिवाय माझा छोटा तराजू द्यावा. त्याला जोखायची हौस आहे. डबा जोखून आल्यावर तो माझ्या पलंगाशी उभा राहून म्हणाला होता, "काकू, एवढी वर्षं जपलंस, आणि सगळं मिळून एका बऱ्या मोबाइलचे पैसे येत नाहीत गं!"

मी म्हणाले, "मग मोबाइलच घाल बायकोच्या गळ्यात."

त्याची बायको हसली. ती समंजस आहे. डब्यातली सपाट चांदीची बांगडी तिला द्यावी.

कलम ५. आता तो डबा. त्यात बांगडी धरून एकतीस वस्तू आहेत. बहुतेक चांदी, काहींवर सोन्याचे पाणी, चार पितळी. एकही मी नवी घेतलेली नाही. आमच्या दोघांच्या मिळकतीत नवी वस्तू बसत नव्हती, आणि बसणाऱ्या नव्या वस्तू बघवत नव्हत्या. चौकातल्या जुन्या सराफांच्या दुकानात मोडीचा ट्रे असे. लोक जे जुने दागिने विकून जात, ते आठवडाभर त्यात साठत आणि सोमवारी वितळायला जात. मी शनिवारी जाई. धातूच्या भावावर थोडेसे जास्त दिले की सराफ वस्तू उचलू देत. "लॅबवाल्या बाई आल्या, भट्टी उपाशी राहणार," असे ते म्हणत.

डबा माझ्यानंतर प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या बाईंकडे द्यावा. ज्या मुलीची नोकरीची पहिली मुलाखत असेल, तिने त्यातली एक वस्तू उचलावी. परत मागू नये. मुलींना एवढे सांगावे: पन्नास वर्षांपूर्वी कोणी घातली असती आणि पन्नास वर्षांनी कोणी घालील, तीच वस्तू घ्यावी. साधी रिंग, बारीक साखळी, एका खड्याची अंगठी. फुलपाखरू असलेले काहीही घेऊ नये. नक्षीच्या आधी अडकवायचा आकडा पाहावा आणि पुढच्या आधी मागची बाजू. मोती दातावर हलका घासावा. खरा असेल तर खरखरतो. आवडलेली वस्तू त्याच दिवशी घेऊ नये. आठवडाभरात ती आठवली नाही, तर ती आपली नव्हती. या नियमाने माझ्या हातून चार-पाच चांगल्या वस्तू भट्टीत गेल्या. त्या अजून आठवतात. नियम तरीही बरोबर आहे.

कलम ६. समोरच्या घरातल्या नर्सबाई साक्षीदार आहेत. साक्षीदाराला मृत्युपत्राने काही देऊ नये, असे वकील म्हणाले. म्हणून त्यांना काही ठेवलेले नाही. त्यांना आवडलेल्या चांदीच्या रिंगा मी बुधवारीच त्यांच्या कानात घातल्या. वरच्या एकतीस वस्तूंत त्या मोजलेल्या नाहीत.

कलम ७. मोत्यांची सर एक. ही डब्यात नव्हती, म्हणून पुतण्याला सापडली नाही. ती माझ्या मुलीची आहे.

लहान असताना मुलगी शनिवारी माझ्याबरोबर ट्रेपाशी येई. सराफ तिला स्टूल देत. मोती तीच दातावर घासून बघे आणि दुकानभर ऐकू जाईल असे ओरडे, "आई, खरखरतंय!" तिची नजर माझ्यापेक्षा चांगली होती. शाळेतल्या इतर मुलींच्या कानात काय आहे, याचे तिला काही वाटत नसे. मला वाटे.

तिचे लग्न ठरले त्याआधी दोन वर्षे यजमान गेले होते. त्या सुमारास ट्रेमध्ये ही सर आली. आकडा चांदीचा, मोती शहाण्णव, थोडे पिवळसर, सगळे खरे. या वेळी मी नियम मोडला आणि त्याच दिवशी घेतली. घरी आणून प्रत्येक दोन मोत्यांमध्ये गाठ मारून नव्या रेशमी दोऱ्यात ओवली. मग परत दुकानात गेले आणि डबी मागितली.

सराफ म्हणाले, "बाई, मोडीच्या मालाला आम्ही डबी देत नाही."

"द्या एक. मुलीचं लग्न आहे."

त्यांनी निळ्या मखमलीची डबी दिली. झाकणावर दुकानाचे नाव होते.

मुलीने डबी उघडली. मग म्हणाली, "आई, एवढं कशाला गं? केवढ्याला पडली?"

"तुला काय करायचंय?" मी म्हणाले.

मी तोंडाने खोटे बोलले नाही, असे पुढे कैक वर्षे मी स्वतःला सांगितले. डबी माझ्या वतीने बोलली होती, आणि मी तिला बोलू दिले होते.

सर तिला लांब होत होती. लग्नानंतर चार महिन्यांनी, आखूड करून घ्यायला, डबीवरचे नाव वाचून ती सासूबाईंना घेऊन त्याच दुकानात गेली. सराफ आजारी होते, गल्ल्यावर त्यांचा मुलगा होता. त्याने आकडा ओळखला. "ही तर आमच्या मोडीतली! लॅबवाल्या बाईंनी पडत्या भावात नेली होती," असे तो चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाला. त्या मुलाबद्दल मला आणखी काही लिहायचे नाही. तो खरे तेच बोलला.

मुलगी तशीच माझ्याकडे आली. डबी टेबलावर ठेवली. "जुनी आहे म्हणून नाही गं आई. त्या ट्रेपाशी स्टुलावर कोण उभं असायचं? मला सांगितलं असतंस तर मी नाचत घातली असती. सगळ्या जगापासून लपव. माझ्यापासून कशाला लपवलंस?"

मी म्हणाले, "तुला फरक कळला नाही, म्हणजे वस्तू चांगली होती."

ती डबी तिथेच ठेवून गेली. या गोष्टीला सोळा वर्षे झाली. आमचे भांडण झालेले नाही. ती दर रविवारी फोन करते. "गोळ्या घेतेस ना?" "घेते." "पाऊस आहे का तिकडे?" "आहे." कधी नसला तरी मी आहे म्हणते, म्हणजे आणखी एक वाक्य होते. ती येते तेव्हा दोन दिवस राहते, भांडी घासते आणि स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभी राहते, तेव्हा सगळ्यात वरची खूण तिच्या खांद्याशी येते. त्या वेळी तिच्या गळ्याकडे मी बघते. बारीक साखळी असते. चांगली निवडलेली असते.

माझ्यानंतर ही सर तिला द्यावी, एवढेच या कलमात लिहायचे ठरवले होते. गुरुवारी ते नर्सबाईंना वाचून दाखवले.

त्या म्हणाल्या, "बाई, मोती तुमचे, मुलगी तुमची. मधे मरण कशाला घालताय?"

मी म्हणाले, "तुम्ही रक्तदाब बघा."

"बघितला. वाढलाय."

त्या गेल्यावर मी सर काढली. दोरा कुजला होता. आखूड करून पुन्हा ओवायला घेतली आणि लक्षात आले, की मला पंचवीस वर्षांच्या मुलीच्या गळ्याचे माप पाठ आहे. ती आता एकेचाळीस वर्षांची आहे. म्हणून शुक्रवारी, रविवार नसताना, मी फोन केला.

"गळ्याचं माप सांग."

"कुणाच्या?"

"तुझ्या. मृत्युपत्रात लागतंय."

 पलीकडे खण उघडल्याचा आवाज आला. "साडेपंधरा. थांब, ओढून धरली की पंधरा."

"टेप ओढून कशाला धरतेस?"

"आई, ती सर अजून आहे तुझ्याकडे?"

"मोडीत दिली असेन असं वाटलं तुला?"

"हो," ती म्हणाली. "सोळा वर्षं वाटतंय."

मग शस्त्रक्रियेचे सांगावे लागले. "सोमवारी? आणि आज सांगतेस? तेही मापासाठी?" ती बरेच बोलली. ते सगळे मी ऐकून घेतले. तिचा आवाज चढलेला ऐकून मला बरे वाटले. शेवटी म्हणाली, "मला फोनवर काही मोजता येत नाही. मी येते. तूच मोज. आणि दातावर घासून बघितल्याशिवाय मी घेणार नाही, सांगून ठेवते."

तिची गाडी रविवारी दुपारी येते. गाड्यांचे काही सांगता येत नाही, झडपांचेही नाही. म्हणून जे फोनवर म्हणता आले नाही, ते येथे लिहून ठेवते. मी तुला सांगायला हवे होते. मला मोडीची लाज कधीच वाटली नाही. त्या एका दिवशी वाटली, तुझ्या सासरच्या माणसांसमोर, आणि ती मी तुझ्या गळ्यात घातली. ते वाक्यही मी बोलायला नको होते. तुला फरक कळत होता. आईने नवे आणले म्हणून तू बघितले नाहीस. मी चुकले.

हे कलम मी तिला स्वतः म्हणून दाखवले, तर खोडून टाकीन आणि खोडलेल्या जागी सही करीन.

कलम ८. निळी डबी कोणालाही देऊ नये. ती टाकून द्यावी.

वरील सर्व मी वाचले आहे. शुद्धलेखन तपासले आहे.

सही: मृत्युपत्र करणारी
साक्षीदार १: समोरच्या घरातल्या नर्सबाई (सही)
साक्षीदार २: खालच्या औषधांच्या दुकानाचे मालक (सही). यांनी मजकूर वाचलेला नाही, मला सही करताना पाहिले आहे.
ठिकाण: राहते घर, खिडकीजवळचे टेबल
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२४, शनिवार

सुपूर्त केल्याची नोंद

आज, शनिवारी, दुपारी चार वाजता नर्सबाईंच्या ताब्यात, मुलीसाठी, पुढील वस्तू दिल्या: रेशमी दोऱ्यात ओवलेले मोती ऐंशी, प्रत्येक दोहोंमध्ये गाठ. सुटे मोती सोळा, कागदाच्या पुडीत. यजमानांचा बारीक चिमटा एक. दोऱ्याच्या एका टोकाला आकडा बसवलेला आहे. दुसरे टोक मोकळे आहे आणि त्यात सुई तशीच ठेवली आहे. ही गाठ कोणीही मारू नये. आधी गळा मोजायचा आहे.