रांग एकोणीस, सर्व ठीक

३ मार्च
आज रुजू झाले. सौर प्रकल्पावरची खोली एवढीशी, पण गार. भिंतीवरच्या पडद्यावर पॅनेलच्या चोवीस रांगा, प्रत्येकीपुढे हिरवा ठिपका. साहेब शहरातल्या ऑफिसात, इथे मी एकटीच. हिरवं दिसतंय तोवर निवांत बसायचं, असं त्यांनी फोनवर सांगितलं. आई म्हणाली, म्हणजे तुझ्या आळसाला आता पगार मिळणार. आधीचा ऑपरेटर न सांगताच सोडून गेला म्हणे. त्याचा डबा अजून फळीवर आहे.

७ मार्च
दोन दिवस आभाळ गच्च भरलेलं. सगळ्या रांगांची वीज निम्म्यावर आली, एकोणिसावीची मात्र रोज चारशे बारा युनिट. खोदून खोदून विचारलं तेव्हा साहेब बोलले. तिचं मीटर आठ महिने बंद आहे, आणि आकडा आला नाही की कॉम्प्युटर कालचाच भरतो. ठिपका हिरवा असताना उन्हात कशाला तडफडायचं, म्हणाले. मलाही पटलं.

११ मार्च
आधीच्या ऑपरेटरच्या बायकोचा फोन आला. नवरा आठ महिने घरी आलेला नाही. ऑफिसात विचारलं की उत्तर एकच, कामावर आहेत. मी हजेरी उघडली. तो रोज हजर, नऊ वाजून दोन मिनिटांनी. कार्ड टेकवलं नाही की तिथेही कालचंच उतरतं. त्याची शेवटची खरी नोंद आणि मीटर बंद पडलं तो दिवस, एकच. म्हटलं, वहिनी, उद्या मी स्वतः बघून येते.

१२ मार्च, दुपार
रांग एकोणीस. काचा जळून काळ्या. खांब गंजलेले — हात लावला आणि सगळा सांगाडा माझ्या पायांवर —
शेजारी निळा युनिफॉर्म. आत हाडं, मुठीत काच पुसायचा फडका. तोच आहे. मी तिकडे बघत नाही.
साहेबांना फोन लागला. म्हणाले, चेष्टा पुरे, रांग हिरवी आहे आणि तूही हजर आहेस. मग बॅटरी संपली.

१३, बहुतेक
वर कोणीतरी काच पुसतंय. फडका फिरतो, थांबतो. मी हाक मारली. तेव्हापासून थांबलाच आहे. मला भीती वाटते —

१४? १५?
ऊन. पुन्हा पुसतोय. अगदी डोक्यावर —
वहिनी, ते इथेच —
आई, तू ऑफिसला फोन करशील. ते म्हणतील, कामावर आहे. ऐकू नकोस. मी ए—