दुसऱ्या अंतऱ्यातला श्वास

अण्णा,

परवाच्या रविवारी मी गाण्यात मागे पडले. यात काय विशेष, हे कळेल असं तुमच्याशिवाय कुणी नाही, म्हणून लिहायला बसले. आमचा इथे एक कराओकेचा ग्रुप आहे. तुमच्या वेळी हा प्रकार नव्हता. वाजवणारी माणसं नसतात, एक डबा असतो. त्यातून नुसतं संगीत येतं, समोरच्या पडद्यावर शब्द सरकतात आणि आपण माइक धरून गायचं. रिटायर झालेले बँकवाले, दोन डॉक्टरणी, एक आंब्याच्या बागांचे मालक आणि मी, असे आम्ही जमतो. सगळ्यांना मनातून वाटतं की आपली संधी थोडक्यात हुकली, नाहीतर आपण कुठच्या कुठे असतो. मी आपलं ते वाट बघण्याचं गाणं घेतलं. दुसऱ्या अंतऱ्यात वरच्या सुरावर गेले, नेहमीसारखी थांबले, आणि डबा काही थांबला नाही. मी शब्द पकडेपर्यंत ओळ संपली होती. टाळ्या मिळाल्या, पण आमच्या ग्रुपात त्या सगळ्यांनाच मिळतात.

तुम्ही दिवसभर एस.टी. स्टँडच्या खिडकीत बसून गाड्या पुकारायचात. जाड, कोरडा, सरकारी आवाज. तो ऐकून माणसं पिशव्या उचलून पळायची. आणि संध्याकाळी त्याच गळ्यातून तुम्ही मास्तरांच्या ऑर्केस्ट्रात बाईच्या आवाजात गायचात. मास्तर हायस्कुलात चित्रकला शिकवायचे आणि अकॉर्डियन वाजवायचे. ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. गावात गाणाऱ्या बायका होत्या, पण त्या भजनात, फार तर नाट्यगीतांच्या स्पर्धेत. ऑर्केस्ट्रा म्हटलं की त्यांच्या घरचे डोळे वटारायचे. आणि दोघांचं गाणं नाही तर ऑर्केस्ट्रा कसला? तालमीत एकदा गंमत म्हणून तुम्ही नायिकेची ओळ बारीक आवाजात म्हणून दाखवलीत, ती कायमची तुमच्या गळ्यात पडली. स्टँडवरचे कंडक्टर त्यावरून छळायचे. ‘अण्णानू, लांज्याची गाडी आज बाईच्या आवाजात पुकारा ना, पॅसेंजर वाढतील.’ तुम्ही खिडकीतून त्यांना हसत शिव्या घालायचात. माइक बंद आहे ना, ते आधी बघून.

साडी मात्र तुम्ही कधी नेसला नाहीत. केळशीच्या एका मंडळाने फार गळ घातली होती, लुगडं-गंगावन सगळं आणून ठेवलं होतं म्हणे. तुम्ही म्हणालात, ‘मी गातो, सोंग काढत नाही.’ पँटमध्ये खोचलेला बुशशर्ट, खिशाला पेन, डोळे मिटलेले, एक हात कानामागे. पहिल्या ओळीला लोक हसायचे, दुसऱ्या ओळीला गप्प व्हायचे. मी पुढच्या रांगेत आईजवळ बसलेली. लोक अजून विचारतात, तुला लाज नाही वाटायची? कसली लाज? मला हेवा वाटायचा. ते वाट बघण्याचं गाणं मला हवं होतं.

आपल्याकडे रेकॉर्ड प्लेअर नव्हता. ते गाणं तुम्ही स्टँडसमोरच्या हॉटेलातल्या रेडिओवर ऐकून उचललंत, तेही तुकड्यातुकड्याने, कारण अंतरा रंगात आला की नेमकी एखादी गाडी लागायची आणि तुम्हाला खिडकीत धावावं लागायचं. बारीक आवाजात वर चढायला दम फार लागतो. दुसऱ्या अंतऱ्यातली ती लांब ओळ तुम्हाला एका दमात झेपत नव्हती. मग तुम्ही अर्ध्यावर थांबायचात, भरून श्वास घ्यायचात आणि उरलेली ओळ पुरी करायचात. मास्तरांचं अकॉर्डियन थांबायचं, बोंगोवाला हात वर धरून थांबायचा. मुळात गाणं वाट बघण्याचं. त्यात ही मधेच पडलेली शांतता. लोकांना वाटायचं, काय भाव दाखवतोय माणूस! तिथे हमखास टाळ्या पडायच्या. तुमचा दम संपलाय हे फक्त आपल्या घराला ठाऊक होतं.

मी ते तुमच्याकडूनच शिकले. मूळ गाणं कुणी गायलंय आणि कसं गायलंय, याची मला पर्वाच नव्हती. एका दुपारी स्वयंपाकघरात आई विळीवर नारळ खवत होती, तुम्ही नुकते ड्युटीवरून येऊन जेवायला बसलेले, आणि मी भात वाढता वाढता गात होते. वरच्या सुरावर मी तुमच्यासारखी थांबले. तुम्ही हातातला घास ताटात ठेवलात.

‘का थांबलीस?’

‘तुम्ही थांबता तिथे.’

‘मला दम नाय म्हणून मी थांबतो. तुला देवाने दिलाय तो कशाला? सरळ जा.’

मी पुन्हा म्हटलं, सरळ गेले. सहज जमलं. इतकं सहज, की आईचा खवायचा हात थांबला. तुम्ही ताक मागितलंत. तुमच्या चेहऱ्यावर आनंद होता आणि आणखीही काहीतरी होतं. मी अजूनही त्याला नाव देऊ शकत नाही.

पुढच्या नवरात्रात जयगडच्या मंडळाने मास्तरांना निरोप पाठवला, की या खेपेस खरी बाई आणा, नाहीतर आम्ही दुसरीकडून पार्टी बोलावतो. दिवस बदलले होते. मुंबईच्या ऑर्केस्ट्रांत झगमगीत साड्यांतल्या गायिका असायच्या, मुंबईला कामाला असलेली मुलं गावी येऊन त्यांची वर्णनं करायची. एका कार्यक्रमाची सुपारी गेली की मागोमाग बाकीच्या जातात, हे मास्तरांना कळत होतं. ते आपल्या घरी आले, चहा घेतला आणि कपाकडे बघत म्हणाले, ‘पोरीला पाठवता का?’ आई आतूनच कडाडली.

‘हिचं लग्न व्हायचंय मास्तर. उद्या लोक म्हणतील, ऑर्केस्ट्रातली पोर.’

‘मी गातो ते चालतं तुला,’ तुम्ही म्हणालात.

‘तुमचं लग्न झालंय!’

पण तुम्ही दोन दिवस आईच्या मागे लागलात. तुम्हाला कळत नव्हतं का, की मी गेले की तुमचं गाणं गेलं? कळत होतंच. मास्तर म्हणाले होते, अण्णा, तुम्ही निवेदन करा, आवाज आहे. तुम्ही उसळून म्हणालात, ‘दिवसभर गाड्या पुकारतो, आता गाणी पुकारू?’ तरी आईची मनधरणी चालूच ठेवलीत. शेवटी आईने अट घातली, ‘जायचं तर तुम्ही हिच्या बाजूला उभं ऱ्हायचं. पडद्यामागे नाय, बाजूला. लोकांना दिसलं पायजे, बाप संगतीला हाय.’ म्हणून मास्तरांनी तुमच्या हातात खुळखुळा दिला. जे गाणं तुमचं होतं, ते मी म्हणायचं आणि तुम्ही लोकांसमोर शेजारी उभं राहून खुळखुळा वाजवायचा. आईला यात काही वाईट दिसलं नाही, आणि मला तर नव्या साडीपुढे काहीच दिसत नव्हतं.

जयगड. आरती नुकतीच झाली आहे, खाडीवरून वारा येतोय आणि मांडवाचं कापड फडफडतंय. होड्या किनाऱ्याला लावून सगळं बंदर समोर येऊन बसलंय. पुढे बायका, मागे पुरुष. उभ्या दांड्यावर लावलेला माइक एकच, तुम्ही माझ्या उजव्या हाताला, खांद्याला खांदा लागेल इतके जवळ, कारण आईने बजावलंय. पुढची एक म्हातारी मोठ्याने शेजारणीला विचारते, ‘बापूस का नाय गात?’ ते तुम्हालाही ऐकू आलं असणार. अकॉर्डियन सुरू होतं. मुखडा नीट जातो, पहिला अंतरा जातो, लोक ऐकतायत, कुणी हसत नाही. बाईच्या आवाजात बाई गातेय, त्यात हसण्यासारखं काय? दुसरा अंतरा. वरचा सूर लागतो, छातीत दम भरपूर आहे, मी सरळ जायच्या तयारीत आहे. आणि माझ्या कानाशी तुम्ही श्वास घेता.

भाता उघडावा तसा मोठा, भरलेला श्वास. माइकमधून तो सगळ्या मांडवाला ऐकू गेला. तुमचे डोळे मिटलेले होते, ओठ हलत होते, खुळखुळा हातात तसाच राहिला होता. तुम्ही सगळं गाणं माझ्याबरोबर मनात म्हणत होतात, आणि मन सरळ जाईल पण छाती कशी जाणार? मी थांबले. ठरवून नाही. पायरी आली की पाय थांबतो तशी थांबले. मास्तर थांबले, बोंगोवाल्याचा हात वर राहिला. मांडव गप्प झाला. मग तुम्ही श्वास सोडलात आणि मी उरलेली ओळ पुरी केली. टाळ्या पडल्या, अण्णा. पुरुषांतून कुणीतरी ओरडलं, ‘अण्णानू, वळखलाव!’ त्या टाळ्या माझ्या एकटीच्या नव्हत्या, हे मला तेव्हाच कळलं आणि अजिबात वाईट वाटलं नाही.

परतताना टेम्पोत तुम्ही वाद्यांच्या पेटीवर बसला होतात. चिडून म्हणालात, ‘सरळ जा म्हटलं होतं ना? का थांबलीस?’

‘तुम्ही श्वास घेतलात.’

‘मी घेतो. मला सवय. तू कशाला थांबायचंस?’

मास्तर अंधारात हसले. पुढचा कार्यक्रम बुरोंडीला होता. तिथे तुम्ही माइकच्या आणखी जवळ उभे राहिलात. मला धक्का लागला तेव्हा लक्षात आलं. त्यानंतर माझं लग्न होईपर्यंत जेवढे कार्यक्रम झाले, त्या सगळ्यांत ती ओळ आपण दोघांनी मिळून म्हटली. सूर माझा, श्वास तुमचा. आपण दोघं त्याबद्दल घरी कधी बोललो नाही.

मूळ गाणं मी नीट ऐकलं ते लग्नानंतर, नवऱ्याच्या टेपवर. ती थोर बाई तिथे थांबतच नाही, एका दमात सरळ जाते. मला ते चुकीचं वाटलं. नवऱ्याला म्हटलं, हिने घाई केली. तो इतका हसला की अजून सगळ्यांना सांगत असतो. तुम्हाला सांगायचं होतं, पण तोवर तुमची तब्येत उतरली होती. शेवटी शेवटी तुम्हाला बोलायलाही दम पुरत नव्हता. तेव्हा श्वासाची थट्टा करायची माझी हिंमत झाली नाही.

तर परवा. डबा चालवणारा मुलगा गुणी आहे, माझ्या धाकट्याच्या वयाचा. गाणं संपल्यावर जवळ येऊन हळूच म्हणाला, ‘काकू, तिथे दम पुरत नसेल तर पट्टी खाली घेऊ का? वयाप्रमाणे सगळेच घेतात.’ मी म्हटलं, ‘घे बाबा, आता नाही झेपत.’ त्याने पट्टी खाली घेतली, पुन्हा लावलं. आता तर ती ओळ अगदी सोपी झाली होती, कुणालाही एका दमात जाईल अशी. मी तिथेच थांबले आणि पुन्हा मागे पडले. मुलाला वाईट वाटलं. म्हणाला, पुढच्या रविवारी आणखी खाली घेऊ. मी बरं म्हटलं.

मी त्याच्याशी खोटं बोलले, अण्णा. दम मला अजून पुरतो. मी उजवीकडे कान देऊन उभी असते.