बाळंतिणीच्या खोलीतलं धुराडं

विश्राम,

तू वासे बघायला जामसंड्याला गेलास आणि इकडे मी नव्या खोलीचं काम थांबवलं. लवू मेस्त्रीला घरी पाठवलंय.

तिसरं मूल येतंय, दुर्गाच्या बाळंतपणाला जागा हवी, असं तू लिहिलंस म्हणून तुझ्या दादांनी मुंबईहून होकार कळवला. आज मेस्त्री मलाच विचारतो, "वयनीनू, नव्या चुलीचा तोंड खंय करूचा?"

मी म्हटलं, "कसली चूल?"

तो मान खाली घालून थापी पुसत बसला. भिंतीत धुराड्याला भोक मात्र आधीच ठेवलेलं आहे. बाळंतिणीच्या शेकाला शेगडी पुरते, हे मला शिकवू नकोस. तुझ्या दोन्ही मुलींच्या वेळी शेगडी मीच पेटवली होती.

दुर्गाला विचारलं, तर ती उठून विहिरीवर गेली. घागर न घेता.

मी धामापूरला देवीला कौल लावायला जाते. या घरात दुसरी चूल पेटणार का, एवढंच विचारीन. संध्याकाळच्या येष्टीने येईन. तोवर काय सांगायचं ते दोघांनी एकच ठरवा.

तुम्हा दोघांची पेज झाकून ठेवलीय. अजून चूल एकच आसा.

तुझी वयनी,
नर्मदा