डबीला ऊब लागते, बाबा

बाबा,

दुरुस्त केलेला व्होल्टेज मोजायचा मीटर गिऱ्हाइकाला पोचवायला चाललेय, यायला उशीर होईल. जेवण झाकून ठेवलंय.

माझ्या टेबलावर कापसात गुंडाळलेली डबी आहे ना, तिच्यातून कायम एकच ठरावीक व्होल्टेज येतं आणि त्यावरून मी बाकीचे मीटर पारखते. ती जराशी जरी गरम झाली, तरी त्या व्होल्टेजचे शेवटचे आकडे हलतात. रोज दुपारी मी बाहेर पडले, की कॉम्प्युटरच्या पडद्यावर त्या आकड्यांची नोंद होते, ती सरळ रेघ टेकडीसारखी वर चढते आणि संध्याकाळपर्यंत गुमान खाली येते. त्यापायी मी पंखा बंद ठेवून घामाघूम झाले, खिडकी झाकली, चांगली चाललेली डबी उघडून सगळं नव्याने सोल्डर केलं. डोक्याला नुसता ताप!

मघाशी घरी आले, तर टेबलाचा दिवा गरम आणि खुर्चीवर तुमचा चष्मा.

"तुझ्या त्या खेळण्यांकडे मी ढुंकूनही बघत नाही" म्हणणारे तुम्हीच ना? मी नोकरी सोडली म्हणून माझ्याशी अबोला धरायचा, आणि माझी पाठ वळली की दिवा लावून, डबीला खेटून बसायचं! ही कुठली तऱ्हा? तुमच्या अंगाच्या उबेने माझी सगळी मेहनत पाण्यात गेली.

यापुढे मी नसताना तिथे अजिबात बसायचं नाही.

मी असताना बसा. डबीपासून लांब दुसरी खुर्ची मांडलीय. चष्मा उचलून तिच्यावर ठेवलाय, बघून बसा.