पेडलमधला खालचा थर

खडकी,
बुधवार, १८ मार्च २००९

अभयदादा, सप्रेम जयभीम.

आम्ही दोघी बऱ्या आहोत. आईचा गुडघा तेवढा कुरकुरतो. ई-मेल केला असता, पण तू चार ओळी वाचून 'ओके' टाकतोस. हे 'ओके'वर भागणारं नाही.

बाबा "फॅक्टरीतच नोकरीला चिकट" म्हणाले म्हणून भांडून बंगलोरला गेलास, तेव्हा तुझं ते रेकॉर्ड केलेला तुकडा पुन्हा पुन्हा वाजवणारं, त्यावर आवाजाचे थर चढवणारं लूप पेडल इथेच टाकून गेलास. बाबा गेल्यापासून दोन महिने मी ते चालूच ठेवलंय. बंद केलं की सगळ्यात वरचा थर कायमचा चिकटतो, मग काढता येत नाही. दर गुरुवारी लाईट जाते म्हणून आत बॅटरी घातली होती. आज तिचा लाल दिवा लुकलुकायला लागला. उद्या गुरुवार.

बाबा जायच्या चार दिवस आधीची गोष्ट. अंथरुणात बसून त्यांनी डब्याच्या झाकणावर ठेका धरला होता. काय ठेका, दादा! चौदा एप्रिलला क्वार्टर्समध्ये ढोलकी वाजवायचे, तोच हात. मी म्हटलं, थांबा, रेकॉर्ड करते. माइक लावला, पेडल दाबलं. ठेका संपताच पुन्हा दाबायचं होतं, मला उशीर झाला. तेवढ्यात ते बोलले आणि ते आत अडकलं. वाजवलं की दर अकरा सेकंदांनी तेच: ठेका, खोकला, मग "मैत्री, अभयला कळवलंस का गं?"

आणि माझा आवाज. "हो बाबा, कळवलंय."

त्यांचं दुखणं वाढल्याचं तुला कळवलं नव्हतं. तीन वर्षं दवाखान्याच्या रांगा मी लावल्या, पथ्याची पेज मी शिजवली. तू एका दिवसासाठी येणार आणि त्यांचा चेहरा फुलणार, हे मला बघवलं नसतं. जळत होते मी, सरळ सांगते. वाटलं, जरा थांबू, चार दिवसांनी कळवू.

ते गेल्यावर तू विमानानं आलास. विचारलंस, "माझी आठवण काढली का?" मी "नाही" म्हणाले. त्याच दुपारी त्या 'हो'वर गुणगुणून दुसरा थर चढवला, चांगला मोठ्यानं, खालचं ऐकू येऊ नये म्हणून. तरी भांडी घासताना ऐकू येतं. पेडल गप्प असतं तेव्हाही येतं. हात थांबतो आणि मी पुन्हा "हो बाबा" म्हणते.

मघाशी पेडल पायानं दाबून धरलं. माझा थर निघाला. खाली बाबा तसेच होते. आई स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आली, पेडलकडे बघून म्हणाली, "कळवलं हो तिनं. त्यालाच यायचं नव्हतं."

आता कळलं ना, ती तुझा फोन का घेत नाही? तिलाही मी तेच सांगितलं होतं.

हे पत्र पेटीत टाकून आले की तिला समोर बसवून खरं सांगणार आहे. मग ती मला काय म्हणायचं ते म्हणो. माझा थर निघालाय, पेडल आता बंद केलं तरी चालेल, बाबा राहतील.

तेव्हा कळवायचं होतं ते आज लिहिते. दादा, बाबांना बरं नाही. तुला विचारतायत. असशील तसा निघून ये.

त्यांना वाट बघायला लावणारी,
मैत्री